त्रिकोणाच्या आतल्या बाजूला

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत एसटीच्या थांब्यासमोर येत होती. आत्या गेली त्याच्या पुढच्या वर्षी, १९७० साली, एक सरकारी रंगारी शिडी घेऊन आला आणि त्याने त्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा लाल त्रिकोण काढला. शेजारी चार चेहरे : आई, बाप, मुलगा, मुलगी. खाली दोन-तीन मुलं पुरे झाली, अशा अर्थाची ओळ. आम्ही घरातली बारा पोरं ओट्यावर बसून बघत होतो. बेबीने विचारलं, "ह्यांची आजी कुठाय?" तो ब्रश झटकत म्हणाला, "जागा नाही, पोरी."

त्या भिंतीच्या आतल्या बाजूला आमचं माजघर. आम्ही सात जणी तिथे ओळीने झोपायचो. थोरल्या काकांच्या अक्का आणि ताई, मी आणि माझी बहीण बेबी, धाकट्या काकूची छबी, आणि आत्या गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या तिच्या दोघी, माई आणि चिमी. गाव पुरंदर तालुक्यातलं, जेजुरीच्या वाटेवरचं. पावसाचं बोट धरून चालणारं, अंजीर नि सीताफळाच्या बागा असलेलं. घरात एका वेळी बावीस माणसं जेवायची.

गेल्या वर्षी धाकट्या काकूचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा आम्ही सातही जणी पुन्हा त्याच माजघरात झोपलो. अक्का आता सत्तरीची, सगळ्यांत धाकटी छबी एकसष्टची. रात्रभर एकीची आठवण दुसरीची आठवण दुरुस्त करत होती. ऑपरेशनला मिळालेली घोंगडी काळी होती की करडी, यावर अक्का आणि ताई पाऊण तास भांडल्या. पुढे लिहिलेलं त्या रात्रीचं आहे. माझं एकटीचं थोडं, सगळ्यांचं जास्त.

पाळी येण्याआधी आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. आल्यावरही सांगितलं नाही, फक्त शिकवलं : कुठे बसायचं, कशाला शिवायचं नाही, घड्या कुठे वाळत घालायच्या. घड्या आजीच्या जुन्या लुगड्यांच्या. त्या धुवायच्या पहाटे, सगळ्यांच्या आधी, आणि वाळत घालायच्या गोठ्यात, कडब्याच्या मागे, वर आणखी एक फडकं टाकून. ऊन त्यांना कधी लागलं नाही. पावसाळ्यात त्या दमटच परत घेतल्या जायच्या. चिमीला त्यामुळे दर श्रावणात जांघेत फोड यायचे, आणि ती खोबरेल तेल लावून शाळेत पायघोळ परकर घालून जायची. हे तिने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. एका अंथरुणावर आठ वर्षं झोपून आम्हाला ते माहीत नव्हतं.

आणि याच घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते.

आजोबा मुंबईला गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायला होते. वर्षातून दोनदा गावी यायचे. ते १९६१ साली वारले. त्यांची पत्र्याची ट्रंक ताईने आणि मी १९७४ च्या मे महिन्यात उघडली. वर 'केसरी'चे गठ्ठे, आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते छोटे अंक. मुखपृष्ठावर बाईचं उघडं चित्र होतं. आम्ही घाबरून ट्रंक बंद केली, आणि दुपारी सगळे झोपल्यावर परत उघडली.

'समाजस्वास्थ्य' चालवणारे रघुनाथ धोंडो कर्वे कोण हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपलं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. त्या कामापायी नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरला. कर्व्यांनी मासिक थांबवलं नाही. वाचकांच्या पत्रांना ते छापून उत्तर द्यायचे, आणि त्या पत्रांत तेच सगळं होतं जे आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं.

त्या अंकांतला एक १९३६ सालचा होता. माझ्या हिशेबाने त्या साली आजी तिसऱ्यांदा बाळंत झाली. पुढे अजून सात झाली. एकूण दहा, त्यांतली सहा जगली. आजोबांना वाचता येत होतं, आजीला येत नव्हतं. ट्रंक माळ्यावर होती आणि बाळंतिणीची खोली बरोब्बर तिच्या खाली. मी आजोबांना दोष देऊन पाहिला, तो पुरता लागत नाही. मुंबईत महिन्याचा पगार तो केवढा, त्यात हा माणूस असलं मासिक विकत घेत होता, म्हणजे त्याला काही कळायला हवं होतं. मग गावी आल्यावर, रात्री, त्याची जीभ का उचलली नाही? अक्का म्हणते, त्या काळी नवरा-बायको दिवसा एकमेकांशी बोलतही नसत, आणि रात्री माजघरात सासू झोपलेली असे. बोलणार कुठे?

आत्याचं मात्र सांगायलाच हवं. माईने सांगितलं, लिही.

आत्या १९६९ च्या मार्गशीर्षात गेली. वय एकतीस, चार मुलं. आम्हाला सांगितलं, पोटात कळ येऊन गेली. पोटात कळ येऊन माणसं मरतात, हे आम्ही सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं की पुढे कितीतरी वर्षं पोट दुखलं की चिमी रडायची. खरं काय ते धाकट्या काकूने माईला तिच्या चाळिशीत सांगितलं. आत्याला पाचव्यांदा दिवस गेले होते. चौथं मूल अंगावर पीत होतं. तिने सासरच्या गावातल्या एका बाईकडून रुईची काडी घालून घेतली. तीन दिवस ताप अंगावर काढला, चौथ्या दिवशी बैलगाडीने तालुक्याला नेली, वाटेतच गेली. नवऱ्यालाही कारण ती गेल्यावर कळलं.

ज्या वेळी आत्या गाडीत पडली होती, त्या वेळी शांतिलाल शहा समितीचा अहवाल तयार होऊन तीन वर्षं उलटली होती. सरकारने ती समिती १९६४ साली नेमली होती, ती अशाच मरणांचा विचार करायला. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरून विवाहित बाईला दिवस गेले, तर तिच्या मनाला होणारा त्रास हेही गर्भपाताला पुरेसं कारण मानणारा हा कायदा होता. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी होती; नवऱ्याच्या सहीची गरज त्यात कुठेही लिहिलेली नाही. माईने बोटांवर मोजलं : सव्वादोन वर्षं. मग म्हणाली, "पण आईला कायदा कोण सांगणार होतं?" ते खरंच आहे. कायदा झाल्यावरही दहा-बारा वर्षं आमच्या भागात बायका काडीवालीकडेच जात होत्या, आणि दवाखान्यात गेलेल्या बाईला आधी विचारायचे, "नवरा कुठाय? सही कोण करणार?" आणि पुढे, "ऑपरेशन करून घेणार असशील तरच मोकळी करतो."

आता लूपचं. सरकारने १९६५ साली लूप आणला. प्लास्टिकचा, वळणावळणाचा, दोरा लावलेला. गावाच्या धर्मशाळेत शिबिर झालं तेव्हा आमच्या घरातल्या दोघी गेल्या : थोरली काकू आणि धाकटी काकू. एकाच दिवशी, एकाच नर्सबाईकडून. थोरल्या काकूला त्या दिवसापासून अंगावरून जायला लागलं ते पाच महिने थांबलं नाही. ती दोनदा उपकेंद्रावर चालत गेली. एकदा कुलूप होतं, एकदा सांगितलं, सवय होईल. शेवटी तिने तो काढूनच घेतला, आणि विहिरीवर बातमी पसरली की लूप काळजापर्यंत चढतो. त्यानंतर गावात कुणी लूप बसवायला गेलं नाही. कागदावर मात्र आमच्या घरात दोन लूप बसलेले होते. बसवल्याची नोंद होती, पुढे काय झालं त्याला रकानाच नव्हता.

धाकट्या काकूला तो काहीही त्रास न देता लाभला. तो अजून बसलेलाच आहे, ही गोष्ट तिने घरात कुणालाही कळू दिली नाही, एका धाकट्या काकांशिवाय. छबीच्या वेळी ती दोन दिवस अडली होती, मरता मरता वाचली होती. तिने ठरवलं होतं की पुन्हा नाही. पुढे अकरा वर्षं आजी तिच्यासाठी खंडोबाला नवस बोलत राहिली, सोमवती अमावस्येला तिला गडावर पायी नेत राहिली, आणि काकू भंडारा उधळत निमूट चढत राहिली. शेजारणी म्हणायच्या, एका पोरीवर हिची कूस बसली. काकू ऐकून घ्यायची. त्या रात्री छबीने विचारलं, "आई, खंडोबाचं भय नाही वाटलं?" काकू म्हणाली, "तो सगळ्यांचं ऐकतो ना? मग माझंही ऐकलं असेल."

लहानपणीची एक गंमत सगळ्यांना आठवते, म्हणून पटकन सांगून टाकते. १९६८ साली निरोध बाजारात आला, पंधरा पैशांना तीन. थोड्याच दिवसांत उपकेंद्राच्या खिडकीतून आमच्या भावांनी एक डबा पळवला आणि दिवाळीत ओट्यावर फुग्यांची तोरणं बांधली. थोरल्या काकांनी सगळ्यांना छडीने फोडून काढलं. कशासाठी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

थोरले काका प्राथमिक शाळेत गुरुजी होते. १९७६ साली त्यांच्या वाट्याला 'केसेस' आणायचं काम आलं. इतक्या माणसांची नसबंदी करून आणा, नाहीतर पगार अडेल. त्या वर्षी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. काका शाळा सुटल्यावर सायकलवर वाड्यावस्त्या फिरायचे. त्यांना बघून माणसं ज्वारीच्या रानात पळायची. ज्यांच्या पोरांना ते पाढे शिकवत होते तीच माणसं. दोन महिने पगार आला नाही. तिसऱ्या महिन्यात काका स्वतः जाऊन टेबलावर झोपले. पाच मुलांचा बाप, वय चव्वेचाळीस. घोंगडी मिळाली ती तेव्हाची. काळी की करडी ते राहूच द्या. काकांनी ती कधी पांघरली नाही, गाडीबैलाच्या जुवाखाली घातली.

देशभरात त्या एका आर्थिक वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि बहुतेक पुरुषांच्या. पुढच्या मार्चमध्ये सरकार पडलं. त्यानंतर कुठल्याही पक्षाने पुरुषांना हात लावला नाही. सगळा भार बायकांवर सरकला, तो आजतागायत तिथेच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली ३७.९ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, कमी जोखमीचं, आणि करून घेतल्यावर माणूस त्याच दिवशी घरी चालत जातो. हे कर्वे सांगत होते, आणि स्वतः करूनही घेतलं होतं. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी होत नाही.

आईचं ऑपरेशन १९७९ सालचं, टाक्याचं. शाळेतच शिबिर होतं. वर्गातले बाक बाहेर काढून जमिनीवर सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्यांवर बायका ओळीने निजवलेल्या. बेबी आणि मी आईसाठी भाताची पेज घेऊन गेलो. चौतीस बायका होत्या. मी मोजल्या, कारण मला आई सापडत नव्हती. सगळ्यांची लुगडी सारखी, सगळ्यांचे चेहरे भिंतीकडे. फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता. आईने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते, "म्हशीला पाणी दाखवलं का?" अनुदानाचे पैसे बाबांच्या हातात दिले गेले. आईला पुढे सहा महिने टाक्याच्या जागी दुखत होतं. ती म्हणायची, आपल्याला चौथं नको होतं, ते नाही झालं, मग कशाला कुरकुरायचं? सुटकाही खरी होती आणि दुखणंही खरं होतं. सरकारी वहीत पहिलीची नोंद झाली.

आणि एक जड गोष्ट. १९८६ साली आमच्या एका वहिनीला दोन मुलींनंतर दिवस गेले. त्या काळी आज थोडे खर्च करा आणि पुढचे लाखो वाचवा, अशा जाहिराती उघड लागायच्या. घरातल्या पुरुषांनी ठरवलं, घरातल्या बायका गप्प बसल्या, आणि वहिनीला शहरात नेऊन आणलं. परत आल्यावर ती चार दिवस चुलीपुढे बसून होती, राखेत रेघा ओढत. गर्भलिंगनिदान बंद करणारा देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले म्हणून. आमच्या घराला तो दोन वर्षं उशिरा आला. आम्ही तेव्हा मोठ्या होतो, शिकलेल्या होतो, लग्न होऊन गेलो असलो तरी पत्र लिहू शकत होतो. एकीनेही लिहिलं नाही. हे मी कुणावर ढकलणार नाही.

धाकटी काकू त्या चार दिवसांत बदलली. असं ती स्वतः म्हणते. पुढच्याच वर्षी तालुक्यात बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेची शिबिरं सुरू झाली, आणि त्रेचाळीस वर्षांची, सातवी पास, धाकटी काकू डोक्यावरचा पदर खोचून त्यांना जायला लागली. तिथे बायका बायकांना तपासायला शिकत होत्या. आरसा आणि विजेरी घेऊन आपलंच अंग कसं बघायचं हे शिकत होत्या. पन्नाशीच्या बायका, ज्यांनी पाच-पाच मुलं जन्माला घातली, त्यांनी गर्भाशयाचं तोंड पहिल्यांदा बघितलं आणि कुणीतरी म्हणाली, "एवढंसंच आहे व्हय?" काकू घरी आली ती एक जाड वही घेऊन. त्या वहीत पहिल्या पानावर तिने लिहून ठेवलं होतं : किती मुलं, हे आधी विचारायचं नाही. आधी विचारायचं, काय होतंय? आणि मग, कधीपासून?

१९८९ साली गडचिरोलीचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. दर बाईमागे सरासरी तीनहून जास्त. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. जग तोवर समजत होतं की गरीब देशातल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाकीचं त्यांना काही नसतंच, कारण त्या काही सांगत नाहीत. काकूला हा आकडा शिबिरात कळला. ती संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, आणि आजीच्या बाजेशी जाऊन बसली.

ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला काय होतंय?"

आजी तेव्हा पंचाहत्तरीची. ती म्हणाली, "मला काय हुतंय?"

काकू उठली नाही. आई दारात उभी होती, तिने हा प्रसंग आम्हाला इतक्यांदा सांगितला आहे की तो आम्हीच बघितल्यासारखा वाटतो. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "आंग भाईर येतंय."

"कधीपासून?"

"तुजा नवरा झाला तवापासनं."

धाकटे काका १९४० साली जन्मले. एकोणपन्नास वर्षं. त्या एकोणपन्नास वर्षांत आजीने आणखी बाळंतपणं काढली, घागरी वाहिल्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. रोज सकाळी ती हाताने अंग आत सारायची आणि वर कापडाची घडी बांधायची. म्हणून ती कधी उकिडवी बसायची नाही. म्हणून ती लग्नकार्यात पंगतीला न बसता वाढायला उभी राहायची, आणि आम्ही तिला कामाची हौस आहे असं समजायचो. आई रडायला लागली तेव्हा आजीला नवल वाटलं. "ह्ये काय सांगायचं आसतंय व्हय?"

काकू तिला पुण्याला घेऊन गेली. वय बघून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता रिंग बसवून दिली, रबराची, बांगडीएवढी. ती दर काही महिन्यांनी काढून, धुऊन पुन्हा बसवावी लागायची. ते काकूच करायची. त्यानंतरच्या संक्रांतीला आजी जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने तिळाचे लाडू वळले. आम्हा नातवंडांपैकी कुणीही तिला त्याआधी तसं बसलेलं बघितलं नव्हतं. ती १९९६ साली गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाची वरून येणारी उद्दिष्टं बंद केली. त्याच्या दोन वर्षं आधी कैरोच्या परिषदेत जगाने मान्य केलं होतं की लोकसंख्येच्या आकड्याआधी बाईचं आरोग्य आणि तिचा हक्क येतो. काकूला कैरो कुठे आहे ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे आता नर्सबाई दारात आली की केस मागणार नाही. मग तिला आपण मागूया."

आणि तिने मागितलं. काकूचं पुढचं काम असंच आहे, छोट्या छोट्या गोष्टी मागण्याचं. आरोग्य केंद्रात तपासायच्या टेबलाला पडदा. आठवड्यातून एक दिवस तरी बाई डॉक्टर. तांबी बसवल्यावर महिन्याने परत बोलावणं. पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन न घालवणं. २००७ पासून पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवायची सुरुवात झाली, जनसुनावण्या होऊ लागल्या. एका सुनावणीत काकू मांडवात उभी राहिली, माइक तिला धरता येत नव्हता, आणि ती साहेबांना म्हणाली, "तुमच्या केंद्रातल्या टेबलावर तुमच्या आईला झोपवाल का? दार उघडं, पडदा नाही, आणि बाहेर शिपाई." पंधरा दिवसांत पडदा आला. हिरवा. तो कापडाचा तुकडा आणायला काकूने तीन वर्षं अर्ज केले होते.

तिला सगळ्यात जास्त झगडावं लागलं, आणि अजूनही लागतं, ते दोन कायद्यांच्या गोंधळाशी. मुली वाचवायच्या म्हणून भिंतीभिंतींवर भ्रूणहत्येची पोस्टर लागली, आणि बायकांना वाटू लागलं की गर्भपात हाच गुन्हा आहे. औषधाच्या दुकानांनी तपासणीच्या धाकाने गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. दिवस राहिलेली पोर पुन्हा काडीवालीचा पत्ता शोधू लागली. काकू बैठकीत दोन बोटं वर करून सांगायची : हा कायदा वेगळा, तो वेगळा. लिंग तपासणं गुन्हा. नको असलेलं गरोदरपण डॉक्टरकडून वेळेत संपवणं हा गुन्हा नाही. एकीकडे ती आमच्या वहिनीला शेजारी बसवायची, दुसरीकडे माईला. त्या दोघी काही बोलत नसत. त्यांच्यापैकी एकीवर जबरदस्तीने लादलं गेलं होतं, दुसरीच्या आईला हवं असताना मिळालं नव्हतं. त्या दोघींना एका सतरंजीवर बसवल्यावर काकूला आणखी समजवावं लागत नसे. २०२१ साली कायदा सुधारला, 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही तोच हक्क आहे असं सांगितलं. तेव्हा काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने छबीला फोन करून ती बातमी दोनदा वाचून घेतली.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी गावातली आशाताई पाया पडायला आली, रजिस्टर काखेत धरूनच. काकूने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच तिला बाजूला घेऊन कुजबुजत काहीतरी विचारलं. एक्क्याऐंशी दिवे ओवाळून झाले. जेवणं झाली. पुरुषमंडळी ओट्यावर झोपायला गेली. त्या भिंतीवरून त्रिकोण कधीच गेला आहे, आता तिथे मोबाइल कंपनीची जाहिरात आहे.

आम्ही माजघरात आडव्या झालो. काकूची खाट कोपऱ्यात, जिथे आजीची बाज होती तिथे. हे सगळं बोलत बोलत रात्रीचे दोन वाजले. दिवा मालवला. कुणीतरी घोरायलाही लागलं.

मग अंधारात अक्का बोलली. अक्का, जी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, जिने हजार मुलींना पाळीविषयी समजावून सांगितलं, जी मघाशी आजीची गोष्ट सांगताना सगळ्यांत जास्त चिडली होती.

"मला लघवी धरवत नाही. आणि अधूनमधून लालसर डाग पडतो," ती म्हणाली. "पाळी जाऊन अठरा वर्षं झाली."

कुणी हललं नाही. कोपऱ्यातली खाट करकरली. काकू उठून बसली होती.

"कधीपासून?" काकूने विचारलं.